शिवबाईच्या खाटेखालचा ठिपका

आमच्या ऑफिसातला सोमलिंग कॉम्प्युटरवर घरं बसवतो. घराचा नकाशा काढणारे वेगळे. काढलेलं घर जमिनीवर नेमकं कुठं आणि किती वळवून बसवायचं, हे काम त्याचं. आमच्या मालकांना, दिग्विजय सरांना वाटतं, यात काय मोठं! वाटू दे. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसते, म्हणून मला माहीत आहे. हल्ली हा प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारतो, "हितं जमिनीखाली कोन हाय का?" गिऱ्हाइकं घाबरतात. पूर्वी मी हसले असते, आता हसत नाही.

मैंदर्गीच्या ईश्वरप्पाचं घर आमच्याकडं आलं, तिथून हे सुरू झालं. सोमलिंग त्याच्या रानात मापं घ्यायला गेला. त्याच्याही घरी कानडी बोलतात, त्यामुळं ईश्वरप्पाच्या आईशी, शिवबाईशी, त्याची लगेच गट्टी जमली. लेक जरा बाजूला झाला तशी म्हातारी एका लिंबाच्या बुडाशी जाऊन उभी राहिली.

"हितं माझं कूसु हाय," ती म्हणाली. कूसु म्हणजे तान्हं बाळ. ईश्वरप्पाच्या आधीची पोरगी, बारसं व्हायच्या आतच गेली. सासऱ्यानं तिला रानातच पुरलं आणि पुन्हा विषय काढायचा नाही असा दम भरला. "इतकी वर्सं उन्हापावसात ठिवलं रं तिला. आता घर हुतंय तर आत घे. माजी खाट तिच्यावर येऊ दे. पर कुनाला सांगू नगं, असल्या जागंवर घर बांदू देनार न्हाईत."

सोमलिंगनं मोजणीचं मशीन लावून ती जागा टिपली. म्हातारीची खोली बरोबर तिथं आणली, पायाचे खड्डे लांब ठेवले आणि नकाशात खाटेखाली एक लाल ठिपका दिला. कुणी विचारलंच तर म्हणायचा, माझी खूण आहे.

मग उगवला वास्तूवाला, हातात होकायंत्र घेऊन. घराचं तोंड नीट पूर्वेला पाहिजे म्हणे. सर म्हणाले, वळव. सोमलिंगनं वळवलं. आता स्क्रीनवर घर वळलेलं दिसत नाही बरं का. कागदावर सरळ दिसावं म्हणून आम्ही घर सरळच ठेवतो, फिरते ती खालची जमीन. आणि या शहाण्यानं तो ठिपका जमिनीला चिकटवायचा सोडून घराला चिकटवला होता! जमीन फिरली, ठिपका घराबरोबर जागेवरच राहिला. स्क्रीनवर पोरगी आईच्या खाटेखालीच. रानात मात्र ती होती तिथंच राहिली आणि खोली सरकली.

जेसीबीनं लिंब पाडला, मुरूम पडला, जागेची काही खूणच उरली नाही. घर झालं, वास्तुशांत झाली. आणि शिवबाईचे फोन सुरू झाले.

"सोमलिंगा, खाटंखालीच हाय न्हवं ती? मग दुपारच्याला भिंतीपल्याडनं का रडतीय?"

"खाटंखालीच हाय की अव्वा," हा दरवेळी फाईल बघून सांगायचा.

शेवटी ईश्वरप्पाचा फोन आला. आईला याड लागलंय, भिंतीला कान लावून बसते, सोमवारी सोलापूरला याडाच्या डॉक्टरला दावतो म्हणाला. तेव्हा कुठं सोमलिंगनं जमिनीच्या मोजणीची मूळ फाईल घराखाली लावून बघितली. मग माझ्याकडं वळला. "प्रियंका, ती भाइर हाय गं."

सगळं ऐकून मी त्याला असं झापलं की काही विचारू नका. पण एकट्याला त्याला जाववेना. मग एसटीत त्याच्याबरोबर मीच बसले.

आम्ही पोचलो तेव्हा ईश्वरप्पा बाजाराला गेला होता. ऊन रणरणत होतं, पाखरूसुद्धा नव्हतं. सोमलिंग मशीन घेऊन भिंतीबाहेर फिरत फिरत मोरीचं पाणी पडतं तिथं थांबला. "अव्वा, चुकलं माजं. हितं हाय ती."

मला वाटलं, आता म्हातारी शिव्याशाप देणार.

"म्हंजी मला याड लागलं न्हाय," म्हणाली आणि हसली. हसता हसताच रडायला लागली. मग पदरानं तोंड पुसून मोरीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला आणि आम्हाला खाट बाहेर आणायला लावली. "ईश्वरप्पाला मीच सांगते आता. घर बांदून झालंय, पाडतो का काय!"

ती खाटेवर आडवी झाली, एक हात खाली सोडून ओल्या मातीवर ठेवला. ती माती हलकेच थोपटत राहिली. मग शिवबाई हळूच म्हणाली, "निजली."

परतीच्या एसटीत मी त्याला विचारलं, "काय रे, तुला काही ऐकू आलं का तिथं? मला तर नाही आलं."

"मलाबी न्हाय," तो म्हणाला. अक्कलकोट मागं पडलं तरी खिडकीबाहेरच बघत होता. मग म्हणाला, "पर ती निजली म्हनली तवा एकदम शांत झालं बग. म्हंजी तवर मी ऐकतच हुतो की."