दादाने पुसलेली काच

माझा थोरला भाऊ सोळा वर्षं उंच इमारतींच्या काचा पुसतोय आणि पक्ष्यांपायी वेडा झालाय. वसंतात पक्ष्यांचे थवे उत्तरेला निघाले की याची मान खाली म्हणून येत नाही. कामाआधी गच्चीवर, जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर, संध्याकाळी पुन्हा तिथेच. वहिनी म्हणते, "मला पंख असते तर माझ्याकडेही बघितलं असतं." मी गच्चीवरून दोरांनी सोडलेल्या एकाच झुल्यावर त्याच्या शेजारी लटकून काम करतो, त्यामुळे माझी तर सुटकाच नाही. पण त्याचा हात असा, की त्याने पुसलेल्या जागी काच आहे की नाही, ते बोट लावून बघावं लागतं. याचा त्याला फार अभिमान.

त्या आठवड्यात ऊन वाढलं म्हणून मुकादमाने आम्हाला नऊऐवजी सहाला बोलावलं. एरवी आम्ही येतो तोवर झाडलोट उरकलेली असते. त्या दिवशी झाडूवाल्या मावशी अजून इमारतीच्या पायथ्याशीच होत्या. त्यांच्या सुपलीत पानं नव्हती, पक्षी होते. दादा आठवडाभर ज्याची वाट बघत होता, तो पिवळा धोबीही त्यात होता, मान लुळी पडलेला.

"मावशी, हे काय?" दादाने विचारलं.

"रोजचंच आहे," मावशी म्हणाल्या. "या दिवसांत काचेवर आपटतात. धुळकट असली की कमी. तुम्ही पुसून गेलात की दुसऱ्या दिवशी माझी पिशवी भरते. त्यांना आभाळच दिसतं ना तिच्यात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

दादा सुपलीशेजारी उकिडवा बसला. सोळा वर्षं आम्ही वर बघत होतो आणि खाली हे चाललं होतं.

मुकादमाने हाक मारली तसे आम्ही झुल्यावर चढलो. सातव्या मजल्यावर दादाने फेस लावला आणि त्याचा हात थांबला.

"पुस ना," मी म्हणालो. "हातावर पोट आहे आपलं."

तो हलेना. मला राग आला, भीतीही वाटली. त्याच्या हातातला वायपर ओढून घेतला आणि एक काच मीच पुसली, त्यानेच शिकवलं होतं तशी. काचेत आभाळ उघडलं, ढगांसकट.

दादाने वायपर परत मागितला नाही. त्या काचेला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा राहिला. खालून मुकादम ओरडायला लागला.

"असा किती वेळ उभा राहणार?" मी विचारलं.

"सगळे पुढे जाईपर्यंत," तो म्हणाला.

पक्षी अजून तीन आठवडे जात राहणार होते.