हिगाकींनी नाकारलेली भूमिका

तेत्सुरो हिगाकींचा चेहरा साऱ्या जपानला ठाऊक, नाव मात्र कुणालाच नाही. अकरा वर्षं ते एका पोलिसी मालिकेत पांढरा कोट घालून यायचे, प्रेताशेजारी उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, "मृत्यू दुपारी दोन ते चारच्या दरम्यान झालाय." संपलं काम. ते राहायचे त्या चोफूच्या बाजारात मुळा निवडणाऱ्या बायका त्यांना विचारायच्या, "आज किती वाजता हो?" ते हसायचे. माणूस वाईट नव्हता. फक्त नुमाताचं नाव निघालं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

नुमाता त्यांच्याच नाटक मंडळीतला. तरुणपणी दोघं एका खोलीत राहिले, एका पातेल्यातले नूडल्स खाल्ले. मग ही मालिका ठरली, आणि तिच्यात एका भागापुरता एक विक्षिप्त डिटेक्टिव्ह होता. खून झालेल्या घरात तो गाद्या ठेवायच्या कपाटात शिरायचा, दार ओढून घ्यायचा आणि भाताचा गोळा खात खात आतूनच खुन्याचं नाव ओरडायचा. निर्मात्या ओरिहाराबाईंनी ही भूमिका हिगाकींना देऊ केली.

"मी नट आहे बाई, विदूषक नाही," हिगाकी ताडकन म्हणाले. "त्यापेक्षा तो पांढरा कोट द्या. त्याला काही अब्रू आहे."

कोट मिळाला. कपाट नुमाताला गेलं.

एका भागाचा पाहुणा लोकांनी असा डोक्यावर घेतला, की दर वर्षी त्याला बोलावणं आलं. पोरं घरोघर कपाटात बसून जेवायला लागली. आणि आता त्या डिटेक्टिव्हचा स्वतंत्र सिनेमा निघाला. पोस्टरवर एकटा नुमाता. हिगाकींना एक प्रसंग, एक वाक्य. तेच, दोन ते चारचं.

"माझ्या तोंडचा घास आहे तो," ते घरी धुमसायचे.

"तुम्हीच नको म्हणालात," बायको किमिए म्हणायची. "त्यानं काय हिसकावला?"

"तू गप्प बस."

चित्रीकरणाचा शेवटचा दिवस आला. ज्याचं काम संपतं त्याचं नाव मोठ्याने पुकारायचं, सगळ्यांनी गोल उभं राहून टाळ्या वाजवायच्या आणि पुष्पगुच्छ द्यायचा, ही रीतच. गुच्छ द्यायला सर्वांत जुना मित्र म्हणून हिगाकींना पुढे केलं. नुमाता कपाटातून वाकत बाहेर आला. हनुवटीवर भाताचं शीत.

"दोन शब्द बोला ना!" कुणीतरी म्हणालं.

'दमलास रे, आता विश्रांती घे,' एवढंच म्हणायचं होतं. हिगाकींच्या तोंडून निघालं, "हे काम आधी माझं होतं. मी नाही म्हटलं, म्हणून तुला मिळालं."

टाळ्या थांबल्या. नुमाता गुच्छ धरून कमरेत वाकलेला, तसाच राहिला.

तेवढ्यात ओरिहाराबाई खळखळून हसल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, तेच वाईट. "अहो हिगाकीसान, तुमच्याआधी पाच जणांनी नाही म्हटलं होतं! तुम्ही सहावे. सगळ्यांचं एकच, विदूषक नाही, विदूषक नाही. मग सातवा फोन नुमातासानना केला."

"मग तो काय म्हणाला?" हिगाकींनी विचारलं.

"म्हणाले, गोळ्यात आलुबुखार घालायचं की मासा? कपाटात माशाचा वास कोंडेल हो."

सगळे पोट धरून हसले. नुमाताही हसला, आणि हिगाकींना हसावंच लागलं.

घरी आल्यावर किमिएने विचारलं, "झालं का नीट?" ते चहा समोर घेऊन बसले. चहा निवून गेला. अकरा वर्षं ते जळत होते, पण त्या जळण्यात एक ऊब होती. नुमाता आपलं उष्टं खातोय, असं समजून त्यांना झोप तरी लागायची. आता कळलं, त्या कपाटात आपली जागा कधी नव्हतीच. जे होतं ते नुमाताचं स्वतःचं होतं, आणि हिगाकींना आजवर कधी वाटला नव्हता एवढा त्याचा हेवा वाटला.