जावयानं हात लावायचा नाही

कॉम्प्युटर दुरुस्त करायला बोलवायचं आणि कॉम्प्युटरला हात लावू द्यायचा नाही, असा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. मी मेहकरच्या एका कॉलेजात कारकून. ऑफिसातलं मशीन चालू-बंद करता येतं, एवढ्या भांडवलावर सासरच्या गोतावळ्यानं मला इंजिनीअर करून टाकलं. कुणाचा प्रिंटर रुसला, कुणाचा पासवर्ड हरवला की फोन माझा वाजतो. बाकीच्यांना मी हळूहळू टाळायला शिकलो. मामांना टाळणं जमलं नाही. ते जानेफळला राहतात. शनिवार आला की त्यांचा फोन यायचा, "जावईबापू, नेट गेलं," आणि रविवारी सकाळी मी जांभया देत गाडीला किक मारायचो.

गेल्यावर आधी पाय धुवायला पाणी. मग धुतलेली चादर घातलेल्या पलंगावर बसायचं, पाठीला लोड. मामी पोहे आणणार, त्यावर चहा, चहावर पुन्हा थोडे पोहे. तोवर अकरा वाजलेले. मग मी उठून टेबलाकडे निघालो की मामा आडवे यायचे. "तुम्ही बसा. तुम्ही फक्त सांगा, मी करतो. जावयाले टेबलाखाली घातलं तं लोकं काय म्हणतीन?" खोलीत मामा, मामी आणि मी, एवढेच असायचो. कोणते लोक, असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "लोकं असतेतच." आणि वयाची पासष्टी ओलांडलेला तो माणूस तोंडात टॉर्च धरून टेबलाखाली शिरायचा. जे काम मी पाच मिनिटांत केलं असतं, ते आम्ही दोघं मिळून तीन तासांत करायचो.

"मामा, मॉडेमच्या मागची बारीक वायर काढून परत लावा."

"बारीक म्हंजे कोनती? इथं तीन बारीक हायेत."

"फोनची."

"फोनची म्हंजे ओळ दोन. सापडली. आता काढू का?"

ही ओळ दोन काय भानगड, ते सांगायला हवं. मामांची सगळी नोकरी कृषी सहायक म्हणून गेली. प्रयोगाच्या प्लॉटवर जशा पाट्या लावतात, तशा त्यांनी कॉम्प्युटरच्या प्रत्येक वायरीला पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या: ओळ एक, ओळ दोन, ओळ तीन. तक्रारसुद्धा ते पिकाच्या पाहणीसारखी लिहून ठेवायचे. "मॉडेमचा हिरवा दिवा पिवळसर. प्रादुर्भाव सकाळी जास्त, दुपारून कमी." मी आलो की तो कागद माझ्या हातात. मी तो वाचून मान हलवायचो, कारण दुसरं काय करणार? बरं, मशीन म्हणावं तर भाच्यानं पुण्यात टाकून दिलेलं. टीव्हीएवढा थोराड मॉनिटर, आणि चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की मामींची कणीक मळून व्हायची. त्यात भारनियमन. लाइट गेली की मामा सगळ्या पिना उपसून ठेवणार, कारण एकदा वीज पडून मॉडेम जळालं होतं. पिना काढल्या की कॉम्प्युटरातलं घड्याळ बिघडायचं, म्हणून रोज सकाळी ते मनगटावरचं घड्याळ पाहून त्याची वेळ मिनिटावर जुळवायचे. इतकी निगा मी माझ्या तब्येतीची कधी राखली नाही.

आणि हे सगळं कशासाठी, तर दर सोमवारी तालुक्याच्या कृषी ऑफिसला एक मेल जावा म्हणून. याचं मूळ जुनं आहे. बीटी कपाशी नवी नवी आली तेव्हा मामांनी गावोगाव पारावर उभं राहून माईकवर सांगितलं होतं, या बियाण्याला बोंडअळी लागत नाही, मी सांगतो, लावा. लोकांनी लावली. काही वर्षं त्यांचा शब्द खरा ठरला, आणि त्या वर्षांत मामांना रस्त्यानं चालणं मुश्कील होतं, इतके लोक चहाला ओढायचे. मग बीटीवर गुलाबी बोंडअळी दिसू लागली. आधी तुरळक. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण चहाला बोलावणं थांबलं. मामा निवृत्त झाले आणि त्यांनी पदरच्या पैशांनी गावातल्या शेतांत कामगंध सापळे लावले. मादीच्या वासाची गोळी लावलेली ती प्लास्टिकची पिशवी असते, नर पतंग तिच्यात येऊन अडकतात. मामा रोज पहाटे शेतोशेत फिरून पतंग मोजायचे. पतंग वाढले म्हणजे अळी येणार, वेळेवर फवारा, असं ते लोकांना सांगायचे. लोक म्हणायचे, "मामा, एक डाव तुमचं ऐकलं. आता ऑफिसचा कागद येऊ द्या, मंग पाहू." तो कागद यावा म्हणून मेल.

ज्या वर्षी अळीनं सगळ्यांनाच लोळवलं, त्या वर्षीची ही गोष्ट. पोळ्याच्या आधीपासूनच सापळ्यांत पतंगांचा खच पडत होता. मामा दर सोमवारी तक्ता टाइप करायचे, पाठवायचे आणि लगेच वहीत जावक क्रमांक टाकायचे. सरकारी माणूस. जावक क्रमांक पडला म्हणजे पत्र गेलं, यावर त्यांची श्रद्धा होती. ऑफिसकडून उत्तर येत नव्हतं, त्याचंही त्यांना नवल नव्हतं. "वाचत असतीन. सायेब लोकं लवकर लिहीत नाहीत." मी रविवारी जायचो, पलंगावरून ओळ एक, ओळ दोन करायचो, दिवा हिरवा झाला की म्हणायचो, "हवामानाचं पान उघडून पाहा." ते उघडायचं. "झालं मामा, चालू झालं," असं म्हणून मी चप्पल शोधायला लागायचो. खरं सांगतो, त्या दिवसांत मला फक्त घरी येऊन झोपायचं असे.

दिवाळीच्या सुमारास गावातली बोंडं फोडली की आत अळी निघू लागली. लोकांनी उभ्या कपाशीत जनावरं सोडली. तेव्हा मामा कितीतरी वर्षांनी चौकातल्या हॉटेलात जाऊन बसले आणि वही उघडून म्हणाले, "हे पाहा. सतरा मेल. दर सोमवारी कळवलं. मी सांगून राह्यलो होतो." लोकांनी वही हातोहात पाहिली. कुणीतरी त्यांच्यापुढे चहा सरकवला. आठ-दहा जण तालुक्याला जाऊन साहेबांना भिडले, तर साहेब म्हणाले, असा एकही मेल आम्हाला आलेला नाही. मग ठरलं, मंगळवारी मामांनी स्वतः यायचं, मेलच्या छापील प्रती घेऊन. मामांचा फोन आला तेव्हा वीस वर्षांनी तरुण झालेला माणूस बोलत होता. "जावईबापू, प्रती काढून द्या. येता येता प्रिंटर घेऊन या."

मी रविवारी ऑफिसचा प्रिंटर पोत्यात गुंडाळून घेऊन गेलो. प्रिंटर माझ्या ऑफिसचा, त्यामुळे जोडायला मला खुर्चीवर बसू दिलं, एवढी सूट मिळाली. गेलेल्या मेलची यादी उघडली. रिकामी. आऊटबॉक्स उघडला, म्हणजे मेल निघेपर्यंत जिथे थांबतो ती जागा. तिथे सतराच्या सतरा मेल ओळीनं बसलेले होते. मी उगाच पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर टिचकी मारली. वेळ मिनिटाला बरोबर होती. साल मात्र पंधरा वर्षं मागचं. आतला सेल मेल्यामुळे पिन काढली की साल मागं जायचं, आणि कोपऱ्यात फक्त वेळ दिसायची. साल चुकलं की हवामानासारखी साधी पानं उघडतात, मेल मात्र पलीकडून घेतला जात नाही. त्या मशीनच्या लेखी जानेफळात अजून बीटी आलीच नव्हती. मेल पाठवताना काही दिसायचं का, असं मी विचारलं. "इंग्रजीत एक चौकट येत होती," मामा म्हणाले, "मी ओके करत होतो."

एका रविवारी जरी मी हवामानाऐवजी मेल पाठवून पाहिला असता, तर त्याच दिवशी कळलं असतं. पोळ्याला. गणपतीत. मी वळून सांगितलं. काही लपवलं नाही, माझी घाईसुद्धा.

मामी दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. मामा म्हणाले, "म्हंजे सायबाइनं वाचलंच नाही."

"त्यांच्यापर्यंत गेलंच नाही, मामा."

"मी चौकात बसून त्याइले उगाच नाही नाही ते बोललो." त्यांनी वही पुढे ओढली. मग म्हणाले, "आता जातीन का?"

मी साल बदललं. मेल एकामागून एक निघाले, सतरा व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मामा प्रत्येक मेल गेला की वहीतल्या त्या क्रमांकापुढे बारीक टिक करत होते. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. निघताना मी पुन्हा म्हणालो, "चूक माझी झाली." ते म्हणाले, "गाडी हळू चालवजा. रस्त्यावर गिट्टी टाकली हाये."

मंगळवारी काय झालं ते मला महिनाभरानं कळलं. त्यांच्याच गावातला एक शेतकरी मुलीच्या दाखल्यासाठी आमच्या कॉलेजात आला होता. मामा कसे आहेत, असं मी भीतभीतच विचारलं.

"हायेत. चौकात येत नाहीत आता," तो म्हणाला. "तालुक्याले गेल्तो नं आमी. मामाईनं सायबापुढंच सांगतलं, मेल गेलेच नोते, मलेच कम्प्युटर येत नाही, चूक माही हाये. लोकं लय चिडले. एक जण म्हणे, तुमचे जावई तं दर रविवारी येत होते नं पाह्याले?"

"मग?"

"तं मामा म्हणे, त्याइले मधात नका घेऊ. त्याइनं त्या मशिनले कदी हातच लावला नाही."

मी त्याच्या दाखल्यावर शिक्का मारून दिला. अजून मी रविवारी जातो. सेल बदललाय, साल बरोबर असतं, मेल वेळेवर जातात आणि ऑफिसकडून पोच येते. तरी मामा फोन करतातच, आणि मी गेलो की टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरतात. हल्ली बाहेर यायला त्यांना फार वेळ लागतो. मी पलंगावर लोडाला टेकून वाट पाहतो. एकदा, फक्त एकदा, त्यांनी मला "काऊन बे, पाह्यलं काऊन नाही तू?" असा जाब विचारावा, असं फार वाटतं. ते धूळ झटकत उठतात आणि मामींना माझ्यासाठी चहा टाकायला सांगतात.