बिनआवाजाच्या लॅपटॉपचा शोध

मे महिन्यातल्या एका सोमवारी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, सोलापुरातल्या एका लॅपटॉपच्या दुकानातला एसी एका गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून बंद करण्यात आला. बाहेर बेचाळीस अंश होते. गिऱ्हाईक म्हणजे माझ्या वहिनीचे मामा. लॅपटॉप कानाने निवडणारा दुसरा माणूस या शहरात नाही, आणि असलाच तर तो मामांच्या हाताखाली शिकलेला असणार. "गार खोलीत कुटलंबी मशीन शहाणंच असतंय," त्यांनी दुकानदाराला सांगितले. "आमच्या घरात एसी न्हाय. घरात कसं वागंल ते हितं कळाय पायजे." दुकानात आणखी चार गिऱ्हाइके होती. दोन घाम पुसत निघून गेली. उरलेली दोन, पुढे काय होते ते पाहायला थांबली.

मामा पस्तीस वर्षे यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. मागाला हात लावण्याआधी डोळे मिटून ऐकायचे, ही त्यांची पद्धत. चाळीस माग खडखडत असताना दारातूनच ते "तिसऱ्या ओळीतला दुसरा कण्हतोय" असे सांगत, आणि तो कण्हत असे. निवृत्तीनंतर त्यांनी घरामागच्या शेडमध्ये टॉवेलचे दोन माग टाकले आणि कान बाकी जगाच्या सेवेला मोकळे केले. रिक्षात बसले की उतरताना ते पैशांबरोबर रिक्षाच्या तब्येतीचा अहवाल देतात. माझ्या भावाच्या साखरपुड्यात आचाऱ्याचा मिक्सर ऐकून ते म्हणाले होते, "चटणी आधी वाटून घ्या, हे संध्याकाळ बगत न्हाय." मिक्सर सव्वापाचला बंद पडला. तेव्हापासून वहिनीच्या माहेरी नवा पंखासुद्धा त्यांना ऐकवल्याशिवाय भिंतीला लागत नाही.

लॅपटॉप हवा होता तो मामींसाठी. मामींच्या गळ्यात थायरॉइडची गाठ होती आणि ऑपरेशन गुरुवारी ठरले होते. गाठ आवाजाच्या नसेला लागून असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. बोलण्याचा आवाज बहुतेक परत येईल. गाण्याच्या वरच्या सुराची खात्री देता येणार नाही. मामींना आईकडून आलेली नऊ तेलुगू गाणी येतात, पाळण्याची, लग्नातली, विड्या वळताना म्हणायची. ती कुठेही लिहिलेली नाहीत आणि घरात दुसऱ्या कुणाला पूर्ण येत नाहीत. मोबाइलवर रेकॉर्ड करू, असे वहिनीने सुचवले. मामा लॅपटॉप शोधायला निघाले, गाण्यात स्वतःची घरघर न मिसळणारा.

मी वर्तमानपत्रात काम करतो, म्हणजे मला इंग्रजी माहितीपत्रके वाचता येत असणार, या हिशेबाने मला सोबत घेण्यात आले. ऑफिसातल्या एका जाणकार सहकाऱ्याने प्रोसेसर चांगला हवा, रॅम सोळा जीबी, माइक जोडायला वेगळी डबी, एवढे लिहून दिले होते. मामांनी सगळे मान्य केले. "ते पायजेच, पावणं. पन श्वास कसा घेतंय?" मग ते लॅपटॉपवर एकदम बारा व्हिडिओ लावायला सांगत, तो तापू देत, आणि स्वतःच्या मागावरचा टॉवेल डोक्यावरून घेऊन त्याच्या पाठीला कान लावत. टॉवेलखालून निकाल येई. "भुनभुनतोय." "शिट्टी हाय बारीक." एकाबद्दल तर त्यांनी "ह्याचं डावं बेअरिंग खातंय" असे सांगितले. विक्रेता म्हणाला, "काका, नवाकोरा पीस आहे." सर्व्हिसवाल्याने तो खोलला. डावा पंखा एका बाजूला घासत होता. त्यानंतर विक्रेत्याने काका म्हणणे सोडून मास्तर म्हणायला सुरुवात केली.

चार दुकानांत मिळून तेवीस लॅपटॉप नापास झाले. सोमवारच्या दुकानात, एसी बंद होऊन पाऊण तास झाल्यावर, घामाने निथळणारा विक्रेता शेवटचा पीस घेऊन आला. "मास्तर, याला पंखाच नाही." मामा चार मिनिटे टॉवेलखाली होते. बाहेर आले तेव्हा चेहरा लग्न जमल्यासारखा झाला होता. "पावणं, काईच न्हाय! लई गप हाय! ऐका की!" मी ऐकले. थांबलेल्या दोन गिऱ्हाइकांनी ऐकले. दुकानदाराने स्वतः ऐकले. मग एसी सुरू झाला.

बुधवारी संध्याकाळी पाचला दवाखान्यात भरती व्हायचे होते. रेकॉर्डिंग दुपारी दोनला ठेवले. मामांनी गल्लीतल्या सगळ्या कारखानदारांना भेटून दोन तास माग बंद ठेवायची विनंती केली होती आणि ती मान्य झाली होती. घरातला फ्रिज, पंखा आणि भिंतीवरचे घड्याळ बंद होते. चार्जर किणकिणतो म्हणून तो काढला होता. सकाळपासून मामा लॅपटॉपवर शांतता रेकॉर्ड करत होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती ऐकवत होते. लाल बटण दाबायचे आणि बॅटरीकडे लक्ष ठेवायचे, हे काम त्यांनी माझ्याकडे दिले.

मामी माइकसमोर बसल्या. मामांनी हात वर केला. मामींनी तोंड उघडले आणि मिटले. असे तीनदा झाले.

"काय झालं ग?"

"अहो, इतकं गप हाय, घरात कोन गेलंय की काय वाटायलंय. गानं कुटनं धरू?"

"सुरातनं धर की!"

"आनि ठेका? माग लावा तुमचा."

"अगं, मागाचा आवाज येतोय की त्यात! तेवीस मशीनी परत केलो मी!"

"मग? मागाशिवाय माजं गानं तुमी कदी ऐकलाव?"

मामी एकतीस वर्षे भिंतीच्या अलीकडे गात आल्या होत्या आणि पलीकडे माग चालत आला होता, आधी शेजारच्या कारखान्यातला, मग घरचा. मामा पळतच शेडमध्ये गेले. कडेचा माग सुरू झाला. मधले दार त्यांनी आधी हातभर उघडे ठेवले, मग वीतभर, मग चार बोटे, आणि फटीत टॉवेल कोंबून आतून ओरडले, "हं! आता धर!" मामींनी धरले. पहिले गाणे संपल्यावर टाळ्या शेडमधून आल्या. तिसऱ्या गाण्याला, मामांचा माग ऐकून, शेजारच्या कारखान्यांना वाटले की बंदची मुदत संपली, आणि गल्लीतले सगळे माग सुरू झाले. मामींचा आवाज चढला. त्यांना थांबवायला कुणी गेले नाही.

शुक्रवारी मामांनी नऊही फाइल ऐकल्या. नवव्या गाण्यात, शेवटच्या कडव्याआधी, माग थांबतो. मामींचा आवाज येतो, "अहो, थांबवलाव का? एक कडवं हाय की अजून." लांबून मामांचा आवाज येतो, "धागा तुटला! थांब, आलोच!" बारा सेकंद काही नाही. मग माग पुन्हा सुरू होतो आणि फाइल संपते. बॅटरी तिथे संपली होती. शेवटचे कडवे मामी गायल्या. ते मी समोर बसून ऐकले, मामांनी दाराआडून ऐकले. मी पडद्याकडे पाहत नव्हतो.

हे मी मामांना सांगितले. ते म्हणाले, "ह्या मशीनला कन्हता येत न्हाय, पावणं. जाताना काय सांगनार ते?"

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे गुरुवारी सकाळी झाले. गाठ साधी निघाली. बोलण्याचा आवाज पंधरा दिवसांत परत आला. वरचा सूर अजून लागत नाही. डॉक्टरांनी सहा महिने वाट पाहायला सांगितले आहे. लॅपटॉप मधल्या दाराजवळ टॉवेलखाली असतो. मामा तो रोज सकाळी पूर्ण चार्ज करतात.