ओसरीवरचा नेचा

बोरीच्या शाळेत मी आणि ती, दोघी शिक्षिका होतो. ती आमच्याच गल्लीत खोली करून राहायची. घरचे बौद्ध, आई चुडाव्याला. शिक्षकांच्या सहलीत तिनं महाबळेश्वरहून एक नेचा आणला होता. पिसांसारख्या पानांचं ते झाड आमच्या कोरड्या हवेत तिनं कसं जगवलं, तिलाच ठाऊक.

त्या वर्षी संक्रांतीच्या तोंडावर विद्यापीठाच्या नामांतराच्या बातम्यांनी गावातली हवा तंग झाली. आईजवळ राहावं म्हणून ती रजा टाकून निघाली आणि जाताना कुंडी माझ्या हातात दिली. मुळाशी ओल ठेवा, म्हणाली, आणि दिवस कलला की तेवढी घरात घ्या, याला इथली कोरडी थंडी सोसत नाही. मी मान हलवली.

सासूबाईंनी कुंडी पाहून एवढंच विचारलं, कुणाची? मी सांगितलं.

"मग ओसरीवरच राहू दे," त्या म्हणाल्या.

मी कुंडीला पोतं गुंडाळलं आणि भिंतीच्या आडोशाला ठेवली. पण जिवाला चैन पडेना. भाकरी थापता थापता उठून पानांना हात लावून यायची. शाळेत फळ्यावर गणित अर्धंच राहायचं. एसट्या बंद झाल्या, तिची काही खबर नव्हती. रेडिओवर निर्णय ऐकला तसा सासूबाईंनी उठून रेडिओ बंद केला. उत्तरेचं वारं सुटलं होतं. दोनदा मी कुंडी उचलून उंबऱ्यापर्यंत नेली आणि दोनदा परत ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोतं काढलं तर पानं उकडल्यासारखी काळी, लिबलिबीत झालेली. तेव्हा कुणाला न विचारता मी कुंडी माजघरात आणली. सासूबाईंनी आपली पाण्याची घागर उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. 

एसट्या सुरू झाल्यावर ती आली. मेलेली पानं मी कापून टाकली होती. ती खाली बसली, बोटानं माती उकरून पाहिली.

"बाहेरच होती ना?"

सासूबाईंचं नाव जिभेवर आलं होतं. "हो," मी म्हटलं, "मीच आत घेतली नाही."

"मूळ जित्तं हाय," ती म्हणाली आणि कुंडी घेऊन गेली.

होळीनंतर शाळेत तिनं सांगितलं की नवा कोंब आलाय. पाहायला या, असं म्हणाली नाही. मीही गेले नाही. आम्ही पूर्वीसारख्याच बोलायचो, डबे एकत्र खायचो.

पुढच्या हिवाळ्यात ती आईकडे निघाली तेव्हा मी स्टँडवर होते. एसटीत खिडकीशी बसली होती, मांडीवर शालीत गुंडाळलेली कुंडी. तिनं हात हलवला. मला म्हणायचं होतं, ठेवून जा माझ्याकडे. गाडी वळेपर्यंत तोंडातून शब्द फुटला नाही.