खडकवाडीची विहीर पुसली तेव्हा

समजा, तुमच्या हाती कुणाचा तरी नायक दिला. तो तुमचा नाही. त्याचा काळा गॉगल, त्याची मोटारसायकल, कधीच धूळ न बसणारे त्याचे बूट, सगळं मुंबईच्या एका कंपनीच्या मालकीचं. तुम्ही त्याला एका गावात न्यायचं, चोर पकडायला लावायचं आणि शेवटच्या पानावर परत पाठवायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच गाव. आता समजा, मागच्या अंकात त्यानं एका घराचं दार लाथेनं मोडलं. या अंकात ते दार धड दाखवायचं की मोडकं? धड दाखवलं, तर मधे सुतार कधी येऊन गेला? मोडकंच ठेवलं, तर त्या घरातल्या बाईनं महिनाभर कुत्री कशी हाकलली? करून बघा. दोन अंकांत डोकं धरून बसाल.

बब्रुवान डोकं धरून बसणाऱ्यातला नव्हता. बेंबळीच्या बौद्ध वस्तीतला हा गडी आयटीआयमधून नकाशे काढायचं शिकून आला, आणि उमरग्याला हायवेवरच्या चन्नबसप्पांच्या छापखान्यात चिकटला. दूध सोसायट्यांची पावतीपुस्तकं आणि लग्नपत्रिका ही छापखान्याची भाकरी. त्यावर कालवण म्हणून चन्नबसप्पांनी मुंबईच्या कंपनीकडून ‘स्वार समशेर’ची चित्रपुस्तकं मराठीत काढायची परवानगी आणली होती. गोष्टीचा सांगाडा मुंबईहून यायचा. मांस भरायचं बब्रुवाननं. लिहायचाही तोच, काढायचाही तोच.

त्यानं पहिलं काम काय केलं, तर मागच्या खोलीची भिंत चुन्यानं रंगवली आणि तिच्यावर कोळशानं अख्खी खडकवाडी मांडली. समशेरचं हे नेहमीचं गाव. कुणाचं घर कुठं, चावडी कुठं, उतार कुणीकडं. दार मोडलं की भिंतीवर मोडायचं, दुरुस्त झालं की भिंतीवर दुरुस्त करायचं. चन्नबसप्पा म्हणायचे, “तुझ्या गावात कोंबडी व्याली तरी भिंतीवर नोंद पाहिजे की रे.”

“अप्पा, कोंबडी व्यात नसती.”

“तुझ्या गावात व्यायची!”

एका उन्हाळ्यात मुंबईहून दुष्काळाचा अंक आला. पाण्याचे टँकर चोरणारी टोळी आणि समशेर. बब्रुवाननं टोळी पकडून दिली, पण तेवढ्यावर त्याचं भागेना. टँकर सापडला तरी उद्याचं काय? म्हणून खडकवाडीच्या भूमिहीनांनी मजूर सहकारी सोसायटी काढली, आणि सोसायटीनं गावाच्या मधोमध विहीर खणली. शेवटच्या चित्रात गावातल्या सगळ्या वस्त्यांच्या बाया त्या एकाच विहिरीवर वाकून दोर ओढताहेत. समशेर लांब, मोटारसायकलीवर, पाठमोरा.

अंक तडाखेबंद खपला. ईट गावच्या बाजारात दुकानदारांनी शेवटचं पान फाडून भिंतीला डकवलं. बब्रुवानच्या आईला, मुक्ताबाईला, अक्षर येत नव्हतं. तिनं चित्रावर बोट ठेवलं.

“हितं वरून पानी वतत न्हाईत व्हय?”

“न्हाय आये. हितं ज्याचा दोर त्यानं धरायचा.”

मुक्ताबाईनं दोरावरून बोट खाली नेलं. माहेरच्या विहिरीवर घागर खाली ठेवून, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून उन्हात उभं राहण्यात तिची पोरवयातली वर्षं गेली होती. बब्रुवाननं ती विहीर हौसेनं काढली नव्हती.

पुढच्याच खेपेला मुंबईहून जो सांगाडा आला, त्यात विहीर नव्हती. समशेर तहानेनं व्याकूळ होऊन खडकवाडीत येतो. गावात पाण्याचा थेंब नाही. पाटील आपल्या वाड्यातलं पाणी त्याला पाजतो. बाहेर घागरी घेऊन बाया उभ्या असतात, त्यांनाही पाटील दया करून ओंजळ-ओंजळ देतो. समशेर पाटलाच्या मोठेपणाला सलाम ठोकतो.

“अप्पा, हे जमायचं न्हाय,” बब्रुवान म्हणाला.

“काय जमत नाही? पाणी प्यायचंय त्याला, विष नव्हे.”

“गावात विहीर हाय.”

“कुठाय?”

बब्रुवाननं भिंतीकडं बोट केलं.

“अरे, ती कोळशाची!”

“आन् समशेर कशाचा हाय? त्यो काय तुळजापुरात भाड्यानं ऱ्हातो?”

चन्नबसप्पांना हसू आलं, पण परवानगी जायची भीती त्याहून मोठी होती. त्यांनी मुंबईला फोन लावला. आठवड्याभरात कंपनीचे साहेब एसटीनं उमरग्याला उतरले. माणूस वाईट नव्हता. चहा घेतला, भिंत बघितली, कौतुकही केलं.

“पण आमचं एक धोरण आहे,” साहेब म्हणाले. “समशेर येतो, काम करतो, जातो. मागं काही उरत नाही. मुलगा कुठलाही अंक आधी उचलतो. त्याला मागची गोष्ट माहीत असायची सक्ती नको.”

“पटतंय साहेब. समशेरला हात लावू नका. जसा आला तसा जाऊ द्या. पर गाव का पुसायचं?”

“गावही आमचंच आहे.”

“नाव तुमचं. विहीर सोसायटीनं खणली.”

साहेब हसले. “कुठली सोसायटी? तूच लिहिलीस ना ती?”

“म्या लिवली, तुमी पास केली, लोकांनी वाचली. झाली की मग!”

साहेबांनी कप खाली ठेवला. आवाज थोडा उतरला. “हे बघ, काही ठिकाणचे विक्रेते नाराज आहेत. सगळ्यांची एकच विहीर, हे कशाला मधेच? करमणूक आहे ही.”

आता कसं, पाणी तळाला दिसलं.

“मग एक काम करा,” बब्रुवान म्हणाला. “सरळ एक अंक काढा. कोन आलं, कुदळ-फावडं घिऊन विहीर कशी बुजवली, ते दाखवा. आन् त्या वक्ती समशेर कुठं व्हता, तेबी दाखवा. म्या लिवतो. फुकट लिवतो.”

“समशेर असं होऊ देणार नाही.”

“मग विहीर हाय.”

साहेब उठले. “विषय संपला. सांगाड्यातला शब्दही बदलायचा नाही.”

बब्रुवाननं शब्दही बदलला नाही. समशेर तहानेनं व्याकूळ झाला, पाटलानं पाणी पाजलं, समशेरनं सलाम ठोकला, सगळं मुंबईबरहुकूम. फक्त प्रत्येक चित्रात, समशेरच्या पाठीमागं, भिंतीवरच्या नकाशात जिथं होती तिथंच, विहीर होती. बाया पाणी भरत होत्या. “या गावात पाण्याचा थेंबही नाही!” असं समशेर ओरडतो त्या चौकटीत तर एक म्हातारी त्याच्या मागून भरली घागर घेऊन चालली होती.

छापायच्या आधी चन्नबसप्पांनी एकेक पान बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढून धोतराला पुसत म्हणाले, “नंबर बदलायला पाहिजे. नीट दिसंना झालंय मला. छाप.”

उमरग्याच्या स्टँडवर ट्रकवाले पोट धरून हसले. “गॉगल लई काळा झाला जनू समशेरचा!” अंक हातोहात गेला, आणि त्याच्यामागोमाग परवानगीही गेली. ‘स्वार समशेर’ मुंबईतच छापून येऊ लागला. बब्रुवानची मूळ चित्रं करारानुसार कंपनीनं नेली. ती न्यायला आलेल्या साहेबांनी जाता जाता सांगितलं, एक माफीचा कागद दिलास तर दुसरा नायक देऊ.

“नायक नकोय साहेब. गाव पाहिजे व्हतं.”

ते मिळायचं नव्हतं. खडकवाडी हे नाव कंपनीचं होतं. मग बब्रुवाननं एका सहकारी साखर कारखान्याच्या बांधकामावर नकाशे काढायची नोकरी धरली, आणि सुट्टीच्या दिवशी उमरग्याला येऊन आपली पुस्तकं काढायला लागला. नायक नाही, गावाला नाव नाही. सोसायटी, तिची भांडणं, आणि मधोमध विहीर. खप बेताचा. चन्नबसप्पा कुरकुरत छापायचे, पण छापायचे.

वर्ष-दीड वर्षानं दुष्काळाच्या अंकाची नवी आवृत्ती मुंबईहून स्टँडवर आली. बब्रुवाननं उभ्या उभ्या शेवटचं पान उघडलं. विहीर नव्हती. मूळ चित्रावर पांढरा रंग फिरवून तिथं कोरी जमीन केली होती. पण बाया होत्या. तशाच वाकलेल्या, हातात दोर, आणि दोर ताणलेला, खाली त्या कोऱ्या जमिनीत गेलेला.

त्यानं ते पान बेंबळीला नेलं. मुक्ताबाईनं उन्हात धरून बघितलं आणि खुदकन हसली.

“दुष्काळी कामावर खड्डं खनायचो नव्हं आमी, तवा मधी मातीचा एक खुंट ठिवायचो. साक्ष म्हनायचो त्याला. माती सगळी उचलून न्हेली तरी किती खनलं ते त्यो खुंट सांगायचा. ही तसलीच साक्ष ठिवलीया कुनीतरी.”

“ठिवली न्हाय आये. घाईत ऱ्हायली आसंल.”

“नीट बघ की.”

बब्रुवाननं नीट बघितलं. पांढरा रंग दोराच्या अलीकडून आणि पलीकडून गेला होता. दोराच्या सुटलेल्या धाग्यांनाही ब्रश लागला नव्हता. घाईचा हात असा चालत नाही, हे दहा वर्षं ब्रश धरणाऱ्याला कळतं. पण सावध हातही कधी कधी विसरतो, हेही कळतं.

तो चित्रकार कोण, मुंबईत कुठं बसतो, हे बब्रुवानला अजून कळलेलं नाही. साहेब सांगत नाहीत. बब्रुवान मात्र मुंबईला जाणारा प्रत्येक माणूस गाठून सांगतो, कंपनीत जा, पांढरा रंग लावणाऱ्याला शोध, आणि एवढंच विचारून ये: तो दोर पुसायचा राहिला, का बाबा तू राहू दिलास?