टाचेचा खड्डा

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याच्या स्टँडवर देवळीच्या गाडीची वाट पाहत उभी होते. त्याच्याकडेच निघाले होते, पिशवीत त्याच्या आवडीची जवसाची चटणी होती. फोनवर सुषमा, त्याची बायको. "ताई, लवकर या… हे गेले." खरं सांगते, आधी रडू आलं नाही, संताप आला. आदल्या दिवशी याची छाती दुखत होती. याने ओवा चावला, "गॅस झाला" म्हणाला आणि सकाळी उठून कुणाच्या तरी जुन्या गाडीचा कार्बुरेटर द्यायला कारंज्याला निघाला. सुषमाने अडवलं, तर म्हणे, "शब्द देल्ला आहे." तिथल्या ढाब्यावर चहा सांगून खाटेवर बसला, तो उठलाच नाही. ती गाडी वर्षानुवर्षं गंजत उभी होती. अजून आठवडाभर उभी राहिली असती तर कुणाचं काय बुडणार होतं?

विलास माझा धाकटा भाऊ. आमचं घर भाजीपाला पिकवणारं. बाबा मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी टोपल्या बांधून वांगी, मेथी घेऊन वर्ध्याच्या बाजारात जायचे. विलासने वावर सोडलं नाही, पण त्याचा जीव जुन्या मोटारसायकलींत. घरामागे टिनाची शेड, आणि तिथे त्याने जुन्या कुलरच्या पत्र्याचं एक बंद खोकं केलं होतं. पुढे काच, आत लोंबणारे दोन रबरी हातमोजे, खाली नागपुरातून आणलेला पंप, बाजूला कॉम्प्रेसर. पाण्यात काचेची बारीक भुकटी कालवून तो मारा हवेच्या जोराने इंजिनाच्या भागांवर सोडायचा. या कामाला व्हेपर ब्लास्टिंग म्हणतात, पण आमच्या आईला ते शेवटपर्यंत भांडी घासणंच वाटलं. काळंकुट्ट, तेलकट झाकण आत जायचं आणि बाहेर यायचं ते कारखान्यातून आजच निघाल्यासारखं. चकचकीत नाही हं… चांदीच्या जुन्या जोडव्यासारखं शांत, मऊ. चकचकीत म्हटलं की विलासचं डोकं फिरायचं. "ताई, पॉलिश करणारा धातू घासून खाते. माह्या पाण्यानं फक्त मळ जाते," असं तो येईल त्याला ऐकवायचा. ऐकणारा मान डोलवायचा आणि वर विचारायचा, "पण भाऊ, चमकन ना?"

बाबांचा उजवा पाय लहानपणापासून आत वळलेला. गाडी चालवताना त्यांची टाच इंजिनाच्या उजव्या झाकणाला घासायची, आणि वहाणेला नाल ठोकलेली. इतकी वर्षं घासून घासून त्या झाकणात अंगठा मावेल एवढा खड्डा पडला होता. बाबा गेल्यावर विलासने ती गाडी पुरी खोलली. नटन् नट साफ केला, झाकणही धुऊन काढलं, पण खड्ड्याला हात लावला नाही. मी गेले की मुद्दाम दाखवायचा. "पाह्य ताई, बाबा अजून गाडीवरच बसून हायेत." मी त्या खड्ड्यात बोट ठेवायची. बाबांचा फोटो घरात आहे, पण फोटोत ते कुणीतरी परके, फोटोग्राफरने ताठ बसवलेले वाटतात. त्यांचं चालणं त्या खड्ड्यात होतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. तेरवीला विलासच्या फोटोशेजारी बाबांची गाडी उभी करायची, असं त्याच्या गाडीवाल्या मित्रांनी ठरवलं. प्रकाश त्यांच्यात पुढे. विलासचा जिवलग, रोज संध्याकाळी शेडमध्ये चहाला येणारा. त्याने झाकणं खोलून नेली. सुषमाला वाटलं, पुसून आणेल. आम्ही दोघी पाहुण्यांत, स्वयंपाकात. तेरवीच्या सकाळी हार घातलेली गाडी अंगणात पाहिली. इंजिनाची झाकणं आरशासारखी लखलखत होती. आणि उजवीकडचा खड्डा वेल्डिंगने भरून, घासून सपाट केला होता.

"हे कोणं केलं?" मी ओरडलेच.

प्रकाश हात जोडून पुढे आला. "ताई, आमीच केलं. भाऊ लोकायच्या गाड्या नव्या करे, घरच्या गाडीले त्याले टाइमच भेटला नाई. मी म्हणत जाओ, खड्डा भरून देतो, तं म्हणे राहू दे. मले वाटलं, संकोचानं म्हणते."

संकोच! ज्या माणसाने आयुष्यभर घसा कोरडा करून एकच गोष्ट सांगितली, त्याच्या रोजच्या चहावाल्या मित्राला ती संकोच वाटली! मी भर मांडवात प्रकाशला नको नको ते बोलले. तो रडायला लागला. मामा म्हणाले, "जाऊ दे बाई, पोरानं प्रेमानं केलं." प्रेमाने केलं म्हणून गप्प बसायचं? वैऱ्याने केलं असतं तर भांडायची तरी सोय होती. इथे भांडले ती मीच वाईट. माणूस होता तोवर त्याचं ऐकायचं नाही, आणि गेल्यावर त्याच्या कामावर वरवंटा फिरवून वर हार घालायचा, याला आपण श्रद्धांजली म्हणतो. नातेवाईक अजून म्हणतात, प्रकाशला फोन कर. मी केलेला नाही.

परवा देवळीला गेले तर सुषमाने शेड उघडली होती. तिने ते उजवं झाकण खोलून आणलं होतं. विलासला मशीन चालू करून द्यायचं काम तिचंच असायचं, त्यामुळे तिला सगळं ठाऊक. "ही चमक तरी काढू याची," म्हणाली आणि त्या रबरी हातमोज्यांत हात घातले. मोजे तिला ढगळ, कोपराच्या वर पोहोचणारे. कॉम्प्रेसर गुरगुरला, काच पांढरी झाली. थोड्या वेळाने तिने झाकण बाहेर काढून पाण्याने धुतलं. लखलखाट गेला होता. तो मऊ, शांत रंग परत आला होता, आणि भरलेल्या जागी निराळा धातू असल्यामुळे तेवढाच अंगठ्याएवढा काळपट डाग उमटला होता.

सुषमा हरखली. "ताई, पाहा… दिसून राह्यले बाबा."

मी डागावर बोट ठेवलं. सपाट होतं. तरी बोट तिथेच फिरवत राहिले, कुठेतरी खोल लागेल म्हणून.